हडकरांचे तीन बाय

अनया आणि निहार,

मागच्या रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर बोलत होतो, तेव्हा निहारने मध्येच विचारलं, "आजी, तुझ्या मागे ते आजोबा बसलेत की पडलेत?" मी "बसलेत" एवढंच म्हणाले आणि विषय बदलला, कारण ते आजोबा ऐकत होते. आता नीट उत्तर देते. डेन्व्हरला क्रिकेट नाही, त्यामुळे हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही. शिवाय ज्या जातीच्या खेळाडूबद्दल मी लिहिणार आहे ती जात आता संपत आली आहे, असं त्यांचं स्वतःचंच म्हणणं आहे. मराठी अडलं तर आईला विचारा.

ते हडकर. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत, आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. वय चौऱ्याहत्तर. त्यांना खुर्चीवर बसता येतं, पण वाट बघायची असली की ते उकिडवे बसतात. गुडघे दुमडलेले, टाचा किंचित उचललेल्या, दोन्ही हात पुढे, बोटं जमिनीकडे. लिफ्टची वाट बघताना, डॉक्टरांकडे नंबर येईपर्यंत, त्यांच्या बायकोचा, म्हणजे सुनंदावहिनींचा, चहा होईपर्यंत, सगळीकडे असेच. नवीन वॉचमनने त्यांना पहिल्यांदा लिफ्टसमोर असं पाहिलं आणि तो पाण्याची बाटली घेऊन धावत आला. हडकर म्हणाले, "अरे बाबा, मी बरा आहे. लिफ्ट तिसऱ्यावर अडकलीय."

हडकर विकेटकीपर आहेत. तुमच्या बेसबॉलमध्ये बॅटवाल्याच्या मागे कॅचर बसतो ना, तसा क्रिकेटमध्ये तीन स्टंपांच्या मागे कीपर बसतो. बॅट्समनने सोडलेला किंवा त्याला चुकवून आलेला प्रत्येक चेंडू अडवायचा, हे त्याचं काम. हडकरांनी आयुष्यभर हे एकच काम केलं. मालवणहून लहानपणी परळला आले, वडील गिरणीत होते. पुढे एका सरकारी ऑफिसला क्रिकेटच्या टीमसाठी कीपर हवा होता, म्हणून यांना नोकरी लागली. तीस वर्षं त्यांनी त्या ऑफिससाठी कीपिंग केलं आणि मधल्या वेळात थोड्या फायली बघितल्या. बॅटिंगचं विचारलं तर म्हणतात, "माझा हायेस्ट अकरा. त्यात चार ओव्हरथ्रोचे."

त्यांचे हात बघायला हवेत. दहा बोटांपैकी सात मोडून पुन्हा आपापल्या मर्जीने जुळलेली आहेत. उजवी करंगळी ठाण्याकडे जाते आणि तिच्या शेजारचं बोट भांडुपकडे. त्यांनी रिक्षावाल्याला हात दाखवला की रिक्षावाला आधी गोंधळतो. पण याच हातांतून काही पडत नाही. माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावरून झाकण घसरलं आणि हडकर दारात बोलत उभे असले, तर झाकण जमिनीवर पोचत नाही. ते बोलणं न थांबवता, न बघता, खाली हात नेतात. फक्त हळूच म्हणतात, "घेतला." झाकण असो, चमचा असो, शेजारणीच्या पिशवीतून निसटलेला टोमॅटो असो, "घेतला." सुनंदावहिनींचं यावर एकच मत आहे आणि ते त्या मला बावीस वर्षं सांगत आल्या आहेत. "ह्यांच्या हातातून काय पडत नाय गो, पण हे आपणहून काय उचलत पण नाय."

कीपर चेंडू टाकला जाईपर्यंत मागून सारखा बोलत असतो, आपल्या बोलरला धीर द्यायला. हडकरांना ती सवयही सोडता आलेली नाही. सकाळी गच्चीवर आमचा बायकांचा योगाचा वर्ग असतो. हडकर कोपऱ्यात चालायला येतात आणि पाठीमागून सुरू होतात. "छान, वैनी, छान. अजून एक तसाच. घाई नको." आमच्या योगाच्या बाईंनी तक्रार केली तेव्हा ते खरोखरच बुचकळ्यात पडले. म्हणाले, "मी वाईट काय बोललो? सपोर्ट करत होतो."

आणि ते माणसाच्या फार जवळ उभे राहतात. दुधाच्या केंद्रावर पुढची बाई दोनदा वळून बघते. यामागे तत्त्व आहे. फास्ट बोलर असेल तर कीपर वीस पावलं मागे उभा राहतो, पण स्पिनर असेल तर अगदी स्टंपांना चिकटून उभं राहावं लागतं. चेंडू बॅट्समनच्या आड दिसेनासा होतो, टप्पा पडून वळतो, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत तो ग्लव्हजमध्ये हवा. हडकरांच्या मते कीपिंग म्हणजे तेवढंच. "लांब उभं राहून कोण पण पकडतो, वैनी. जवळ उभं राहून दाखवा."

आजच्या कीपरांबद्दल त्यांना विचारू नका. मॅच टीव्हीवर लागली की आमच्याकडे येतात, सोफ्यासमोर उकिडवे बसतात आणि बॅटिंग अजिबात बघत नाहीत. "हल्ली काय करतात, चांगला बॅट्समन घेतात आणि त्याला ग्लव्हज घालतात. म्हणजे आचाऱ्याला सांगायचं, जाता जाता जरा दाराकडे पण बघ." पण एखाद्या कीपरच्या हातून चेंडू सुटला की त्यांना आनंद होत नाही, तेवढं खरं. मान खाली घालतात, आपल्याच घरातलं कोणी चुकल्यासारखे.

आता माझा संबंध सांगते. आमच्या सोसायटीत दर वर्षी जानेवारीत साठीच्या वरच्यांचा सामना होतो, ए विंग विरुद्ध बी विंग, बारा बारा ओव्हरचा, शाळेच्या मैदानावर. चेंडू टेनिसचा असतो, पण हडकर पूर्ण ग्लव्हज घालतात आणि आतले सुती मोजे आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवतात, म्हणजे ते हाताला घट्ट बसतात. तुमचे आजोबा त्यात अंपायर असतात, कारण त्यांचे गुडघे खेळण्याच्या लायकीचे नाहीत आणि त्यांना लोकांना "नाही" म्हणायला आवडतं. आणि मी स्कोअर लिहिते. माझी वही बावीस वर्षांची आहे. निळ्या पेनने धावा, लाल पेनने विकेट, रेघा पट्टीने. तिच्यात खाडाखोड नाही.

इथे तुम्हाला दोन शब्द समजून घ्यावे लागतील. बोलरने चेंडू इतका बाजूला टाकला की बॅट्समनला तो मारताच येणार नाही, तर तो 'वाइड'. अंपायर दोन्ही हात पसरतो, समोरच्या टीमला एक धाव फुकट मिळते, आणि तो चेंडू मोजायचा नाही, पुन्हा टाकायचा. हा दोष बोलरचा. पण चेंडू बरा होता, बॅटला लागला नाही, कीपरलाही अडवता आला नाही आणि बॅट्समननी पळून धाव काढली, तर तो 'बाय'. अंपायर एकच हात वर करतो. हा दोष कीपरचा.

बावीस वर्षांत हडकर माझ्याशी कधी भांडले असतील तर बायवरून. सामना संपला की संध्याकाळी दार वाजायचं. "वैनी, सातव्या ओव्हरचा तिसरा चेंडू. तो बाय नव्हता. बॅट्समनच्या पॅडला लागला होता." मी म्हणायचे, अंपायरने हात वर केला, मी लिहिलं. मग ते आजोबांकडे वळायचे. आजोबा पेपर वाचत म्हणायचे, "अंपायरचा निर्णय अंतिम असतो." हडकर परत जायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा यायचे. "वैनी, पॅडला टिचकीएवढा आवाज झाला होता. तुम्ही लांब बसता, तुम्हाला नाय ऐकू येणार." एका वर्षी एका बायसाठी ते सलग चार संध्याकाळी आले होते. मी बदललं नाही. त्यानंतर मात्र सलग तीन वर्षं त्यांच्या नावावर एकही बाय आला नाही. दर वर्षी मी त्या पानाचा फोटो संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकते, आणि हडकर फोन नाकाशी धरून फक्त तो एकच रकाना बघतात. "शून्य. बरोबर आहे." बाकी कोण जिंकलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

तो फोटो ते नेहमी एका माणसाला पुढे पाठवतात. त्या माणसाचं नाव केळुस्कर. घाटकोपरला राहतात. ऑफिसच्या टीममध्ये केळुस्कर लेग-स्पिनर होते आणि हडकर त्यांचे कीपर. मनगट फिरवून टाकलेला तो चेंडू कुठे वळणार हे बॅट्समनला कळू नये, ही बोलरची कला, आणि कीपरला मात्र कळावं, ही कीपरची. हडकर केळुस्करांना मन्या म्हणतात. ते सांगतात, तीस वर्षांत मन्याने त्यांना एकदाही सांगितलं नाही की आता कुठला टाकतोय. "मनगट बघायचं. मनगट खोटं बोलत नाय."

दोन वर्षांपूर्वी केळुस्करांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आता काठी घेऊन चालतात, शब्द एकेक करून येतात. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी हातात दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. हडकर पहिल्यांदा भेटायला गेले आणि तो चेंडू बघून चिडले. "हे काय, लिंबू पिळायला दिलंय?" दुसऱ्या दिवशी टेनिसचा चेंडू घेऊन गेले. तेव्हापासून दर गुरुवारी मुलुंडहून बस पकडून घाटकोपरला जातात. केळुस्कर इमारतीच्या बोळात खुर्चीवर बसून चेंडू टाकतात आणि हडकर समोर उकिडवे बसून तो घेतात. सहा महिन्यांनी केळुस्कर उभे राहून टाकायला लागले. वर्षभराने दोन पावलं चालून.

मागच्या डिसेंबरात एका गुरुवारी हडकर घाटकोपरहून थेट आमच्या दारात आले. म्हणाले, "वैनी, मन्याला एक ओव्हर टाकायची आहे. मॅचमध्ये. बॅट्समन समोर पाहिजे म्हणतो."

आमच्या सामन्यात प्रत्येक विंगला बाहेरचा एक पाहुणा खेळवता येतो, त्यामुळे नियमात बसत होतं. मी विचारलं, "त्यांना जमेल?"

"नाय जमणार," हडकर शांतपणे म्हणाले. "हात एक सांगतो, चेंडू दुसरंच करतो. त्याला स्वतःलाच माहीत नसतं. म्हणून मागे मी पाहिजे. दुसरा कोण असला तर मन्याचं हसं होईल."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण या वर्षी ए विंगचे कॅप्टन गाला झाले. गाला नुकतेच साठीचे झाले आहेत, सकाळी पळतात, घड्याळात पावलं मोजतात. सोसायटीच्या ऑफिसात टीम ठरवायला सगळे जमले, तेव्हा त्यांनी कागद काढला आणि सांगितलं की या वर्षी कीपिंग ते स्वतः करणार.

"काका, वाईट नका वाटून घेऊ ना," ते हडकरांना म्हणाले. "आजकाल कीपरला बॅटिंग पाहिजे. टीव्हीवर बघता ना तुम्ही. मी ओपनिंग पण करतो, कीपिंग पण करतो. एका माणसात दोन कामं. तुम्हाला टीममध्ये ठेवलंय, बाउंड्रीवर. आरामात."

हडकर भिंतीपाशी उकिडवे बसले होते. उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "स्पिनरला पुढे उभा राहशील?"

"कशाला पुढे? मागे उभं राहून पण बॉल येतोच ना."

मला वाटलं आता हडकर भांडतील. तीन वर्षं शून्य बाय, माझी वही साक्षीला होती आणि मी ती आणलीही होती. पण ते आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, "अकरा ओव्हर तू कर. मन्याची एक ओव्हर मला दे. ग्लव्हज माझे. पुढच्या वर्षीपासून सगळं तुझं, ग्लव्हजसुद्धा, मी मागणार नाय."

गाला हसले. "झालं की मग. एका ओव्हरसाठी काय एवढं?"

हडकर "काय नाय" म्हणाले आणि निघाले. जिन्यात मी विचारलं, "कायमचं देऊन टाकलंत?" ते म्हणाले, "सोळा जणांसमोर हात जोडायचे की एक वस्तू देऊन एक वस्तू घ्यायची? हिशेब सरळ आहे, वैनी." चार जिने ते न थांबता चढले. एरवी लिफ्ट घेतात.

सामन्याच्या दिवशी केळुस्कर मुलीबरोबर आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्री. काठी त्यांनी मैदानाच्या कडेला मुलीकडे दिली. बी विंगची बॅटिंग होती. हडकर बाउंड्रीवर उभे होते आणि मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. उभं कसं राहायचं हेच त्यांना कळत नव्हतं. हात खिशात घातले, काढले, कमरेवर ठेवले. शेवटी बाउंड्रीवरच उकिडवे बसले. एक चेंडू त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी तो सुरेख घेतला आणि मग कुठे फेकायचा ते त्यांना आठवेना. त्यांच्याकडे आयुष्यभर चेंडू यायचे, त्यांच्याकडून लांब कुठे जायचे नाहीत.

आठव्या ओव्हरला गालांनी चेंडू केळुस्करांकडे दिला. हडकर ग्लव्हज घालून धावत आले. भिजवलेले मोजे ते पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले होते. स्टंपांना चिकटून बसले. गाला स्लिपमधून म्हणाले, "काका, मागे या. लागेल." हडकरांना ऐकू गेलं नसावं.

समोर बी विंगचे शेट्टी होते, धिप्पाड, पण स्वभावाने गरीब. केळुस्करांनी दोन पावलं टाकली आणि हात फिरवला. पहिला चेंडू शेट्टींच्या पाठीमागून गेला. हडकर झेपावले, बोटं लागली, पण चेंडू निसटला. शेट्टी पळाले नाहीत, संकोचाने उभे राहिले. तुमच्या आजोबांनी दोन्ही हात पसरले. वाइड. दुसराही तसाच, आणखी लांब. हडकर पूर्ण आडवे झाले आणि धुळीत एकटेच पडून राहिले. वाइड.

मग हडकरांचं बोलणं सुरू झालं. "छान, मन्या, छान. वळला होता. घाई नको." केळुस्करांच्या चेहऱ्यावर घाम होता. तिसरा चेंडू सरळ पडला. शेट्टींनी तो जपून अडवला, जसा लहान मुलाचा अडवतात. हडकर मागून म्हणाले, "शेट्टी, नीट खेळ. नायतर मी बोलेन काहीतरी." पुढच्या चेंडूवर शेट्टींनी दोन धावा मारल्या आणि केळुस्कर चक्क खूश दिसले. मग आणखी दोन बरे पडले, एक वाइड पडला, त्यानंतर पुन्हा एक बरा. मी सगळं लिहीत होते.

शेवटचा चेंडू मी विसरणार नाही. चेंडू उंच गेला, शेट्टी पुढे आले, टप्पा पडला आणि चेंडू वळला. खरोखर वळला, बॅटला चुकवून. माझी नजर जाईपर्यंत हडकरांच्या ग्लव्हजमध्ये होता आणि बेल्स उडाल्या होत्या. बॅट्समन रेषेच्या बाहेर असताना कीपरने असे स्टंप पाडले तर तो बाद, त्याला स्टंपिंग म्हणतात. सगळी ए विंग ओरडली. केळुस्करांची मुलगी उभी राहिली. शेट्टींनी बॅट काखेत घेतली आणि बाहेर चालायला लागले. तुमचे आजोबा बाजूला उभे नव्हते, त्यांना दिसलं नव्हतं. एकट्या हडकरांना दिसलं होतं.

"शेट्टी, परत ये," हडकर म्हणाले. "पाय आत होता."

"काका, तो जातोय ना स्वतः," गाला स्लिपमधून म्हणाले.

"पाय आत होता," हडकरांनी पुन्हा सांगितलं आणि बेल्स स्टंपांवर ठेवायला लागले. मी केळुस्करांकडे बघितलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते मान हलवत होते, होकारार्थी, अगदी सावकाश. त्यांनाही दिसलं असावं, किंवा हडकर म्हणाले म्हणजे तसंच असणार.

त्या दिवशी ए विंग दोन धावांनी हरली. आम्ही घरी येऊन हातपाय धुतो न धुतो तोच ग्रुपवर गालांचा मेसेज आला. गेस्टचे तीन वाइड, दोन रनने हरलो, पुढच्या वर्षीपासून गेस्ट बंद. त्याखाली चार अंगठे.

दार वाजलं. हडकर होते. एका कोपराला आयोडीन लावलेलं, हातात फोन.

"वैनी, पानाचा फोटो टाकलात?"

"अजून नाही."

"आठवी ओव्हर. ते तीन वाइड नव्हते. बाय होते. माझ्या नावावर लिहा."

आतून आजोबा म्हणाले, "मी हात पसरले होते."

"पसरलेत," हडकर म्हणाले, "ती तुमची चूक नाय. तुम्हाला तसंच दिसणार. वैनी, ऐका. ऑफिसच्या मॅचमध्ये मन्या असेच टाकायचा अधूनमधून. तीस वर्षांत वाइड किती दिले माहीत आहे? जवळजवळ नाय. का? चेंडू सुटायच्या आत माझे पाय तिकडे पोचलेले असायचे. कीपर आधीच तिथे आहे म्हटल्यावर अंपायरला चेंडू लांब वाटतच नाय. आज पोचलो नाय. मग दोष कोणाचा? मन्याने टाकला तसाच टाकला. मी कमी पडलो."

मी पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. मी त्यांना अडचणी सांगितल्या. पहिली, बाय व्हायला बॅट्समनला पळून धाव काढावी लागते, आणि शेट्टी जागेवरून हलले नव्हते.

"पळाले असते. वजन जास्त आहे म्हणून नाय पळाले."

दुसरी अडचण मोठी होती. वाइड मोजत नाहीत, बाय मोजतात. सहा बरे चेंडू आणि हे तीन. "हडकर, नऊ चेंडूंची ओव्हर होईल. ओव्हर सहाचीच असते. अशी ओव्हर जगात कुठे नाही."

ते आमच्या दारात उकिडवे बसले. म्हणाले, "तो पान बघणार आहे, वैनी. दर वर्षी बघतो. त्याची मुलगी बघेल. ग्रुपवर सगळे बघतील. मन्याने मॅच घालवली असं कागदावर नको."

त्यांनी बावीस वर्षांत माझ्याकडे जे जे मागितलं होतं ते सगळं स्वतःच्या नावावरून पुसण्यासाठी होतं. मी वही आणली. पट्टी घेतली, तीन वाइडवर तीन सरळ रेघा मारल्या, कीपरच्या रकान्यात तीन लिहिले आणि बाजूला सही केली. आतून आजोबांचा आवाज आला, "हे नियमबाह्य आहे." मी म्हटलं, "तुम्ही हात पसरलेत तेव्हा मला वाटलं आळस देताय." त्यांनी पेपर जोरात उलटला.

मी फोटो ग्रुपवर टाकला. गालांचा मेसेज आला, काका, तीन बाय? तुमच्याकडून अपेक्षा नव्हती. हडकरांना टाइप करायला वेळ लागतो, बोटं वेगवेगळ्या अक्षरांवर पडतात. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "हो. पाय पोचले नाहीत." पाहुणा बंद करायचं पुन्हा कोणी काढलं नाही.

पुढच्या गुरुवारी हडकर घाटकोपरहून परत आले तेव्हा मी जिन्यात होते. विचारलं, "केळुस्करांनी पान बघितलं?"

"बघितलं."

"काय म्हणाले?"

"काय नाय. मोजत बसला. मग मला नऊ बोटं दाखवली," हडकर म्हणाले, "आणि हसला." ते सांगताना स्वतः हसले नाहीत. पिशवीतून ओले मोजे काढले आणि वाळत घालायला आत गेले.

आता शेवटचं. ग्लव्हज त्यांनी कबूल केल्याप्रमाणे गालांना देऊन टाकले. गालांच्या बोटांना ते मोठे होतात. गुरुवारची बस हडकर अजून पकडतात, मोकळ्या हातांनी. माझी वही बैठकीच्या खोलीतल्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर आहे. तिच्यात एका पानावर खाडाखोड आहे, आणि त्या पानावरची आठवी ओव्हर नऊ चेंडूंची आहे.